रोजचं चालणं तिसऱ्या आठवड्यात का थांबतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४४, नाशिकला बँकेत नोकरी, घरी सासू-सासरे आणि शाळेत जाणारी दोन मुलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ टक्के आली आणि डॉक्टरांनी ‘रोज चालत जा’ एवढंच सांगितलं. जानेवारीपासून तुम्ही तीनदा सुरुवात केलीत. पहाटे सव्वापाचला उठून गोल्फ क्लब मैदानावर जायचं आणि पाच किलोमीटर पूर्ण करून घरी यायचं, असा बेत. पहिल्या वेळी अठरा दिवस जमलं, मग ६:५०च्या स्कूल बसआधी डबे होईनात. दुसऱ्या वेळी दोन आठवड्यांत नडग्या दुखायला लागल्या. तिसऱ्या वेळी घरातल्या लग्नात आठ दिवस गेले आणि त्यानंतर जाणं झालंच नाही. आता तुम्ही विचारताय की माझ्यात जिद्दच कमी आहे का, आणि सातत्य आणायचं कसं.

फिजिओथेरपीच्या कामात हा प्रश्न मला सतत भेटतो आणि दर वेळी मी आधी वहीत हिशोब मांडायला लावते. नव्याने चालणाऱ्या मध्यम उंचीच्या बाईचं पाऊल साधारण ६५ ते ७० सेंटिमीटरचं पडतं. मिनिटाला शंभर पावलं धरली तर ताशी चार ते सव्वाचार किलोमीटर होतात. म्हणजे पाच किलोमीटरला ७० ते ७५ मिनिटं. मैदानापर्यंत जाणं-येणं, बूट घालणं-काढणं, परत आल्यावर घाम पुसून पाणी पिणं हे धरलं की दीड तास. सव्वापाचला उठून तुम्ही पावणेसातच्या आधी ओट्यापाशी पोचू शकतच नाही, आणि बस ६:५०ला. तरीही तुम्ही अठरा दिवस ओढलंत, यात जिद्द दिसते. बेतच असा होता की तो मोडणारच होता.

तुमच्या तीन खंडांची कारणंही तीन वेगळी आहेत. पहिला वेळेचा, दुसरा शरीरावर पडलेल्या भाराचा, तिसरा परत सुरू करण्याचा. तिन्हींवर ‘मन घट्ट करा’ हा एकच उपाय सांगितला जातो, म्हणून तो लागू पडत नाही. माझ्या मते यातला तिसरा खंड सगळ्यात महत्त्वाचा, कारण पहिले दोन सुधारता येतात, पण लग्न, पाहुणे, ताप, पाऊस हे येतच राहणार. चालणं वर्षानुवर्षं टिकवणाऱ्यांचेही दिवस चुकतात. फक्त ते चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा रस्त्यावर दिसतात.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. रक्तदाब आहे का, गुडघा आधीपासून दुखतो का, हिमोग्लोबिन किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हिमोग्लोबिन नक्की तपासा. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. दहा मिनिटांत धाप लागते, पाय गळून जातात, आणि बाई स्वतःला आळशी ठरवून घरी बसते. खरं कारण रक्तात असतं. चालताना छातीवर दाब येणं, तो जबड्यात किंवा डाव्या हातात जाणं, चक्कर, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही होत असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. पुढचं सगळं मी असं धरून लिहितेय की हे काही नाही आणि साखर काठावर असण्यापलीकडे मोठा आजार नाही.

आता वेळ. तुमच्या दिवसात एक क्षण असा आहे की तुम्ही रोज, न चुकता, सकाळी घराबाहेर असता: मुलांना बसमध्ये बसवता तेव्हा. डबे झालेले असतात, मुलं गेलेली असतात, बँकेला निघायला अजून वेळ असतो. चालणं तिथे जोडा. बस हलली की घराकडे वळायचं नाही, तिथूनच चालू पडायचं. ‘सकाळी चालेन’ या ठरवण्याला धरायला काही नसतं. ‘बस गेली की चालेन’ याला असतं, कारण बस तुमच्या मनावर अवलंबून नाही.

हे जमण्याचं किंवा फसण्याचं कारण बहुतेक वेळा चपला असतात. गाऊनवर ओढणी टाकून चपला सरकवून गेटपर्यंत गेलात की परत वर येणं ठरलेलंच. वर आल्यावर चहा, पेपर, सासूबाईंची औषधं, आणि बूट घालायला पुन्हा खाली बसावंसं वाटत नाही. म्हणून मुलांना सोडायला जातानाच बूट, मोजे आणि चालता येईल असा कुडता अंगावर हवा. मोजे रात्रीच बुटात खोचून बूट दाराशी ठेवा. किल्ली आणि फोन मावेल असा खिसा किंवा छोटी पिशवी हवी. आणि गॅसवर काही ठेवून निघू नका. दूध तापत ठेवलंय किंवा कुकरची तिसरी शिट्टी व्हायची आहे हे डोक्यात असलं की माणूस चौथ्या मिनिटाला परत फिरतो. घरच्यांनाही वेळ नेमकी सांगा: ‘सव्वासातला मी आत असेन, तोवर चहा थांबू दे.’ ‘जरा चालून येते’ असं म्हटलं की ते कुणालाही अडवता येतं.

किती चालायचं? पहिले दोन आठवडे फक्त १२ मिनिटं. सहा मिनिटं एका दिशेने, मग वळायचं आणि सहा मिनिटांत परत. तुम्हाला हे हास्यास्पद कमी वाटेल, कारण तुम्ही पाच किलोमीटर चालून दाखवलेलं आहे. पण या दोन आठवड्यांचं काम बस आणि चालणं यांची गाठ बांधणं एवढंच आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १५ मिनिटं, पाचव्या-सहाव्यात १८, सातव्या-आठव्यात २२ आणि पुढे २५. त्याच्यापुढे सकाळची वेळ वाढवू नका, कारण मग बँकेची घाई सुरू होईल आणि पहिल्या खंडाचं कारण पुन्हा उभं राहील. पाच दिवस २५ मिनिटं म्हणजे १२५, आणि शनिवार-रविवारपैकी एक दिवस मोकळेपणाने ३०-४० मिनिटं, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोदाकाठ, कुठेही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे. तुम्ही त्यात बसता.

जाऊन-परत येण्याचा रस्ता मी मुद्दाम सांगितला. बागेत गोल फेऱ्या मारताना दर फेरीला फाटक समोर येतं आणि ‘आज एवढं पुरे’ म्हणायची संधी मिळते. सरळ रस्त्यावर सहा मिनिटं गेलात की घरी येण्यासाठी उरलेली सहा चालावीच लागतात.

पूर्ण मात्रेसोबत एक किमान मात्राही ठरवून ठेवा: पाच मिनिटं. रात्री झोप झाली नाही, पाळीचा पहिला दिवस आहे, धाकट्याची परीक्षा आहे, अशा दिवशी बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं आणि तो दिवस चालल्याचा धरायचा. किमान मात्रेने साखर फारशी हलत नाही हे मी मान्य करते. ती दुसऱ्या दिवसासाठी असते. ठरलेला रोजचा क्रम पाच मिनिटांचा का होईना पण पाळला गेला की उद्या नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

दहा हजार पावलांचं तुम्ही विचारलंय. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीने विकलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. ‘मानपो-केई’ म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. टोकियो ऑलिंपिक नुकतंच झालं होतं आणि आकडा गोल होता. २०१९मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्युप्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं आणि ७,५००च्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला होता. त्या स्त्रिया सरासरी ७२ वर्षांच्या होत्या, त्यामुळे तुमच्यासाठी तोच आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण फोनने रात्री साडेनऊला ६,८०० दाखवले म्हणून हॉलमध्ये येरझाऱ्या घालून स्वतःला शिक्षा करायची गरज नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

वेग मोजायला घड्याळ पुरतं. १५ सेकंदांत पडणारी पावलं मोजा. २५ पडली तर मिनिटाला शंभर झाली, आणि बहुतेक प्रौढांसाठी मध्यम व्यायाम तिथून सुरू होतो. दुसरी खूण श्वासाची: शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. पहिली तीन मिनिटं हळू चाला, मग वेग घ्या. आधी वेळ वाढवायची, २५ मिनिटं अंगवळणी पडल्यावर वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचा मोह तिसऱ्या महिन्यापर्यंत आवरा. एका आठवड्यात दोन गोष्टी वाढवल्या की दुखणं कशामुळे आलं तेच कळत नाही.

नडगीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा दुसरा प्रयत्न तिने संपवला आणि पुन्हा तीच आडवी येऊ शकते. नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला एक स्नायू आहे. टाच टेकल्यावर पाऊल जमिनीवर धपकन आपटू नये म्हणून तो चवडा हळूहळू खाली सोडतो. दर पावलाला हे काम. आता नवी चालणारी व्यक्ती वेग वाढवायला काय करते? लांब लांब टांगा टाकते. पाय शरीराच्या फार पुढे पडतो, टाच जोरात टेकते आणि त्या स्नायूला जास्त कष्ट पडतात. म्हणून वेग हवा असेल तर पाऊल लांब करू नका, आखूड ठेवून भरभर टाका आणि कोपरातून हात वाकवून हलवा. पायाचा आवाज ऐका. फट फट असा आवाज येत असेल तर टांग अजून लांब पडतेय.

दुखणं नेमकं कुठे आहे ते बोटाने चाचपून पाहा. पुढून-बाहेरून, चालताना भरून आल्यासारखं आणि थांबल्यावर ओसरणारं असेल तर बहुधा वर सांगितलेलाच स्नायू आहे. आतल्या बाजूला, घोट्याच्या वर हाडाच्या कडेने चार-पाच बोटं लांबीच्या पट्टीत दुखत असेल तर भार एकदम वाढल्याने तिथे ताण आला आहे. शून्यावरून रोज पाच किलोमीटर आणि तेही सिमेंटच्या रस्त्याने, हे त्याचं नेहमीचं कारण. या दोन्हींत चालणं पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही. आठ-दहा दिवस वेळ निम्मी करा, सपाट आणि शक्यतो मातीच्या वाटेने जा, चालून आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावा. मात्र दुखणं एकाच बिंदूवर असेल, बोट ठेवलं की कळ जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल किंवा एका पायावर हलकी उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. तिथे चालून बघू, असं करू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे ठीक आला तरी दुखणं तसंच असेल तर पुन्हा जा.

दोन व्यायाम एक दिवसाआड करा, दुखत नसलं तरी. ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा वर उचलायच्या, दोन सेकंद थांबायचं, सावकाश खाली. असे बारा, दोनदा. मग भिंतीला पाठ टेकून, पावलं भिंतीपासून एक फूट पुढे ठेवून, टाचा जमिनीवर तशाच आणि फक्त चवडे वर उचलायचे. असे पंधरा, दोनदा. पोळ्यांचा तवा तापेपर्यंत दोन्ही होतात.

टाचेचं दुखणं वेगळं. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या चार-पाच पावलांना टाचेखाली कळ आणि मग हळूहळू कमी, असं झालं तर तळव्याची पट्टी ताणली गेली आहे. उतरण्याआधी पलंगावरच टॉवेल चवड्यांभोवती घालून पाऊल आपल्याकडे ओढा, तीस सेकंद, तीनदा. आणि घरात फरशीवर अनवाणी हिंडणं बंद करा. बाहेर अर्धा तास चांगल्या बुटांत चालायचं आणि घरात चार तास कडक टाइल्सवर अनवाणी उभं राहायचं, यात टाच बरी होत नाही. घरात वापरायला जाड तळाची एक वेगळी चप्पल ठेवा. नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत असेल तर त्या नऊ दिवसांत मुद्दाम चालणं किमान मात्रेवर आणा. रोजची कामं अनवाणी करताना पायाला पुरेसा भार पडतो.

बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. मोजे घालून, उभं राहून दोन्ही पाय मापा. मोठ्या पायाचं माप धरा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बाळंतपणानंतर पाऊल कायमचं थोडं लांब होऊ शकतं, त्यामुळे लग्नाआधीचा नंबर सांगून बूट मागवू नका. बूट हातात घेऊन वाकवा: तो बोटांपाशी वाकला पाहिजे, मध्येच दुमडत असेल तर ठेवून द्या. टाचेमागचा भाग बोटाने दाबल्यावर टणक लागायला हवा. बाकी रंग आणि कंपनी तुमची आवड.

तुमच्या साखरेच्या दृष्टीने मी सकाळइतकंच महत्त्व रात्रीच्या जेवणानंतरच्या दहा मिनिटांना देईन. आपल्याकडे शतपावली म्हणतात तीच, फक्त शंभर पावलांवर थांबायचं नाही. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, त्यासाठी त्यांना तेवढं इन्शुलिनही लागत नाही, आणि जेवणानंतर साखर चढत असतानाच हे घडलं तर तिचं शिखर खाली येतं. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठाने २०१६ साली टाइप टू मधुमेह असलेल्या लोकांवर तुलना केली होती: दिवसातून कधीही सलग तीस मिनिटं, किंवा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. रात्रीचं जेवण आपलंही बहुतेक घरांत सगळ्यात जड असतं आणि त्यानंतर आपण बसतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून हे जोडा. ओटा आवरल्यावर जाईन असं ठरवू नका, ओटा कधीच पूर्ण आवरलेला नसतो. ताट उचललं की खाली. भांडी दहा मिनिटं थांबतात. इथे सासूबाईंना, मुलांना बरोबर घ्यायला हरकत नाही, वेग महत्त्वाचा नाही. सकाळी मात्र एकट्या चाला किंवा तुमच्याच वेगाची मैत्रीण असेल तरच जोडी करा, आणि ती आली नाही तर आपण निघायचं हे दोघींत आधीच बोलून ठेवा. जोडीमुळे सुरू झालेलं चालणं जोडीदार आजारी पडला की थांबतं, हे फार वेळा होतं.

काठावरच्या साखरेत चालण्याने काय होऊ शकतं याचा आपल्याच देशातला दाखला आहे. चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साखर काठावर असलेल्या लोकांना आहाराचा सल्ला आणि बैठं काम असणाऱ्यांना रोज अर्धा तास भरभर चालणं सांगितलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण त्यांच्यात २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे धोका पूर्ण गेला नाही, पण एवढ्या साध्या गोष्टीने कमी झाला हे मला मोलाचं वाटतं. हे वाचणाऱ्या कुणाला इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर त्यांनी खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवावं आणि जेवणाआधी लांब चालायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून आधी साखर खायची.

आता खंड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी नवी गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४पर्यंत गेला, आणि व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यासारख्या गोष्टींपेक्षा जास्त. ‘२१ दिवसांत सवय लागते’ म्हणून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. त्याच अभ्यासातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर विशेष परिणाम झाला नाही.

म्हणून एक दिवस चुकला तर काहीच करायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरपाई तर अजिबात नको. रविवारी एकदम आठ किलोमीटर काढून सोमवारी नडगी धरून बसलेले लोक मी पुष्कळ पाहते. दोन दिवस ओळीने चुकले तर तिसऱ्या दिवशी किमान मात्रा, पाच मिनिटं, कितीही अडचण असली तरी. आठवडा गेला तर वेळापत्रकात एक पायरी मागे या: २२वर होतात तर १८. दोन आठवडे किंवा जास्त गेले तर निम्म्यापासून. ताप असताना चालायचं नाही. ताप उतरून दोन दिवस गेल्यावर निम्म्याने. चिकनगुनियानंतर सांधे बराच काळ धरलेले राहू शकतात, तिथे हे गणित लागू नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने चला.

आणि ठरलेला खंड असेल तर परत येण्याचा दिवस आधीच लिहून ठेवा. लग्न, गौरी-गणपती, दिवाळी यांच्या तारखा महिनोन्‌महिने आधी माहीत असतात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चालल्याच्या दिवशी एक टिंब द्या, किमान मात्रेलाही तेवढंच टिंब. आणि लग्नाला निघायच्या आधीच, परतल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत ‘१२ मि.’ असं लिहा. तुमच्या तिसऱ्या खंडात नेमकी हीच गोष्ट नव्हती. आठ दिवसांनी मनात पाच किलोमीटरचाच बेत होता, अंग जड झालेलं, आणि ‘सोमवारपासून’ म्हणता म्हणता महिना गेला. परतीचं पहिलं चालणं इतकं लहान ठेवायचं की ते टाळायला कारण शोधावं लागेल.

एक अडचण तुम्हाला अजून दिसली नसेल, म्हणून सांगते. बसला जोडलेलं चालणं शाळेच्या सुट्टीत सुटतं. मे महिना, दिवाळीची सुट्टी, आणि मुलं मोठी झाल्यावर बसच नसणं. एप्रिल संपायच्या आत दुसरा खुंटा ठरवा: दूधवाला येऊन गेला की, किंवा सासऱ्यांचा पहिला चहा दिला की. मे अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास वर येतो आणि सातनंतर ऊन चढायला लागतं, त्यामुळे तेव्हा लवकर निघणं सोपंही जातं. जानेवारीत उलट: सूर्योदयच सात वाजून गेल्यावर, आणि नाशिकचा पारा कित्येकदा दहाच्या खाली. बस गेल्यावरही झुंजुमुंजूच असतं. फिक्या रंगाचा स्वेटर घाला, कान झाका, दमा असेल तर नाकावर रुमाल किंवा मास्क, आणि सुरुवातीची हळू मिनिटं तीनऐवजी पाच करा. फार धुकं-धूर असेल त्या दिवशी सकाळी किमान मात्रा करून संध्याकाळी बँकेतून येताना दोन स्टॉप आधी उतरा.

पावसाळ्यासाठी जूनआधीच जागा शोधून ठेवा. नाशिकला धो धो पावसापेक्षा रिपरिप जास्त अडवते. इमारतीचं पार्किंग, मोठा जिना, छपराची गच्ची, काहीही चालेल. वीस पावलांच्या व्हरांड्यात मिनिटाला पाच फेऱ्या होतात. बारा मिनिटांना साठ. कंटाळा येतो हे खरं, म्हणून तिथे कानाला काहीतरी ऐकायला लावा. रस्त्यावर मात्र दोन्ही कान बंद करू नका. पावसात जुना जोड वापरा आणि ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा; ओल्या मोज्यांनी बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की आठवडा जातो.

रस्त्याला पदपथ नसेल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, नजर न भिडवता जागेवर थांबा आणि सावकाश मागे सरका. चावलं किंवा नख जरी लागलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी इंजेक्शनला जा. ज्या गल्लीत कुत्र्यांची टोळी आहे ती गल्ली तुमच्या रस्त्यातून काढून टाका, धैर्य दाखवायची ती जागा नाही.

साखर पुन्हा तपासायची ती तीन महिन्यांनी. ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे महिन्याभरात केलीत तर आकडा फारसा हललेला दिसणार नाही आणि उगाच हिरमोड होईल. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा आणि त्याच रक्तात हिमोग्लोबिनही पाहा, कारण रक्तक्षय असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडाच चुकीचा येऊ शकतो. रिपोर्टसोबत कालनिर्णयची ती तीन पानंही डॉक्टरांना दाखवा. ‘रोज चालते’ यापेक्षा ‘नव्वदपैकी अडुसष्ट दिवस, सध्या पंचवीस मिनिटं’ यावरून त्यांना औषधाचा निर्णय घेणं सोपं जातं. आणि नडगी बोटाने चाचपून झाली की कुठे दुखते, पुढून की आतून, पट्टीत की बिंदूवर, ते इथे लिहा. त्यावरून पहिल्या दोन आठवड्यांची १२ मिनिटं ठेवायची की आठवर आणायची ते सांगता येईल.